तळटीप १४ : १२० दिवस आणि दूधनाते

१४. १२० दिवस : गर्भात १२० दिवसांनी रूह (आत्मा) फुंकली जाते, असे हदीसच्या आधारे बहुतेक इस्लामी धर्मशास्त्रज्ञ मानतात. त्याआधी सबळ कारण असल्यास हनफी विचारप्रणालीच्या अनेक फकीहांनी (धर्मविधिज्ञांनी) गर्भपाताला मुभा दिली. मालिकी विचारप्रणालीचे मत सर्वांत कडक. १२० दिवसांनंतर आईच्या जिवाला धोका असेल तरच परवानगी. मक्केच्या फिकह (इस्लामी धर्मविधी) परिषदेने १९९० मध्ये गंभीर, असाध्य व्यंगासाठीही हीच मर्यादा ठेवली. हे दिवस गर्भधारणेपासून मोजतात, तर डॉक्टर शेवटच्या पाळीपासून. त्यामुळे मर्यादा साधारण १९ आठवड्यांवर येते. व्यंग दाखवणारी सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत होते, म्हणून ती लवकर करून घेणे फार महत्त्वाचे. खासगी प्रसूतिगृह असो की सरकारी रुग्णालय, भारतात डॉक्टरांना १९७१चा गर्भपातविषयक कायदाच बंधनकारक आहे. २०२१च्या दुरुस्तीनुसार ठरावीक स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही मुभा मिळते.

नवजात बाळाच्या कानात अजान दिली जाते; उपचारांना तिची आडकाठी नसते. तहनीक या विधीत चावलेला खजूर बाळाच्या तोंडातल्या टाळूला लावतात. डॉक्टर मात्र सहा महिने केवळ आईचे दूध सुचवतात. दुसऱ्या स्त्रीचे दूध प्यायल्याने दूधनाते जडते आणि दूधभावंडांचा विवाह निषिद्ध ठरतो. दूधपेढीत दूध देणाऱ्या माता अज्ञात राहतात, म्हणून जेद्दाच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये दूधपेढ्यांना विरोध केला. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये अशी पेढी निघाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी पेढीतले दूध मोलाचे. दूध देणाऱ्या मातेची नोंद कुटुंबाला दिल्यास बाळाची आणि धर्मनियमाची अशा दोन्ही गरजा भागतात.