प्रशियन ब्लूपासून बॉल मिलपर्यंत

धातूंची जटिल संयुगे माणूस बनवू लागला, तेव्हा ती आतून कशी आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. मधोमध धातूचा अणू किंवा आयन आणि त्याला चहूबाजूंनी जोडलेले पाणी, अमोनिया, सायनाइड असे लिगंड, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. बर्लिनमध्ये प्रशियन ब्लू तयार झाला तो मात्र 1706च्या सुमारास. डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर कोचिनील किड्यांपासून तांबडा रंग काढत होता. त्याने वापरलेल्या पोटॅशमध्ये डिपेल नावाच्या रसायनकर्त्याच्या कामातले जनावराचे तेल मिसळले होते, आणि हिराकशीशी गाठ पडताच तांबड्याऐवजी गर्द निळा साका खाली बसला, अशी हकिकत सांगितली जाते.

ही कृती काही वर्षे गुप्त राहिली. 1724 मध्ये वुडवर्ड यांनी ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. वाळवलेले बैलाचे रक्त अल्कलीबरोबर भाजायचे, ते पाण्यात उकळायचे, त्यात हिराकस आणि तुरटीचे द्रावण ओतायचे आणि शेवटी आम्लाने निळा रंग खुलवायचा. यातली निळा रंग देणारी पायरी साध्या पाण्यात, भट्टीशिवाय आणि क्षणात पार पडते, म्हणून ती आजच्या कसोटीलाही निर्मळ ठरेल. पण तिच्या आधी रक्त भाजण्याचा उग्र दर्पाचा उद्योग होता. एखादी कृती निसर्गाला कितपत सोसते हे ठरवताना केवळ शेवटचे भांडे पाहून चालत नाही, हे या पहिल्याच उदाहरणात दिसते.

या संयुगाची रचना उलगडायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे गेली. प्रशियन ब्लू पाण्यात विरघळत नाही आणि साक्याचे कण अतिशय बारीक असतात. मोठा स्फटिक हाती लागत नाही. 1936 मध्ये केगिन आणि माइल्स यांनी भुकटीवरच क्ष-किरण सोडून लोह-सायनाइड-लोह अशा दुव्यांची घनाकार चौकट सुचवली. पुढे बर्नच्या लुडी यांच्या गटाने महत्प्रयासाने एकेरी स्फटिक वाढवले. त्यांच्या 1977च्या निबंधातून कळले, की चौकटीतल्या सायनाइडवाल्या लोहस्थानांपैकी सुमारे चतुर्थांश स्थाने रिकामीच असतात आणि तिथे पाणी शिरते.

दरम्यान झुरिकमध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी क्ष-किरणांच्या मदतीशिवाय रचनेचा प्रश्न सोडवला होता. कोबाल्ट आणि अमोनियाच्या संयुगांचे किती समघटक मिळतात हे मोजत 1893 मध्ये त्यांनी मांडले, की सहा लिगंड धातूभोवती अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात. तसे असेल तर काही संयुगांना उजवे आणि डावे अशी दोन रूपे असली पाहिजेत. 1911 मध्ये त्यांचे विद्यार्थी व्हिक्टर किंग यांनी ती रूपे वेगळी केली आणि 1913 मध्ये वेर्नर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते 1919 मध्ये वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी अमोनियम हेक्झाक्लोरोप्लॅटिनेटच्या स्फटिकात वायकॉफ आणि पोस्न्याक यांना क्ष-किरणांनी प्लॅटिनमभोवती तेच अष्टफलक दिसले. केवळ समघटकांच्या हिशोबावरून आकार ओळखणे ही रसायनशास्त्रातली फार मोठी कामगिरी आहे.

धातू आणि सेंद्रिय दुवे यांच्या सच्छिद्र चौकटी हा पुढचा टप्पा. 1989 मध्ये मेलबर्नच्या रॉबसन यांनी हॉस्किन्स यांच्यासह तांब्याची हिऱ्यासारखी जाळी रचली. 1999 मध्ये जस्ताची एमओएफ-5 आणि तांब्याची एचकेयूएसटी-1 या प्रसिद्ध चौकटी जाहीर झाल्या. 2025चे नोबेल रॉबसन, कितागावा आणि याघी यांना याच क्षेत्रासाठी मिळाले. या काळात डायमिथाइलफॉर्ममाइड हा विद्रावक प्रयोगशाळांत रूढ झाला. तो धातूचा क्षार आणि सेंद्रिय आम्ल दोन्ही विरघळवतो. शिवाय तापवल्यावर हळूहळू विघटित होऊन अमाइन सोडतो. ते अमाइन आम्लाचा प्रोटॉन काढून घेते, त्यामुळे चौकट संथपणे जुळते आणि क्ष-किरणांना हवा तसा टपोरा स्फटिक मिळतो. पण हा विद्रावक गर्भाला अपाय करू शकतो. ग्रॅमभर पदार्थासाठी तो चालून जाईल, टनांसाठी नाही.

अॅनास्टस आणि वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, त्यांत विद्रावकासारखे साहाय्यक पदार्थ शक्यतो टाळावेत हे एक आहे. 2006 मध्ये बेलफास्टच्या जेम्स यांच्या गटाने ते शब्दशः पाळले. कॉपर अॅसिटेट आणि आयसोनिकोटिनिक आम्ल बॉल मिलमध्ये, म्हणजे कठीण गोळ्यांच्या गिरणीत, दहा मिनिटे दळले. विद्रावक नाही, बाहेरून उष्णता नाही. सच्छिद्र चौकट तयार झाली आणि उरले फक्त पाणी आणि अॅसिटिक आम्ल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2013 मध्ये धातूविरहित सहसंयुजी चौकटी अशाच रीतीने खलात घोटून बनवल्या गेल्या.

दळण्याचा तोटा म्हणजे हाती येते ती भुकटीच. तिची रचना काढण्यासाठी रीटव्हेल्ट यांची 1969ची पद्धत लागते. तीत कल्पिलेल्या रचनेवरून अख्खा विवर्तन आलेख काढतात आणि तो मोजलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत रचनेत बदल करत जातात. 2013 मध्ये ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर चालू बॉल मिलमधूनच क्ष-किरण आरपार सोडून अभिक्रिया घडताना पाहिली गेली. झिंक ऑक्साइड आणि मिथाइल इमिडॅझोल दळताना आधी ठाऊक चौकट बनते, मग ती विस्कटते आणि पुन्हा निराळी जुळणी उभी राहते; त्यातला एक टप्पा पूर्वी कधीच नोंदलेला नव्हता, असे 2015 मध्ये जाहीर झाले. मोठे स्फटिक वाढवत बसले असते, तर तो बहुधा निसटलाच असता.

कारखान्यांत मात्र पाण्याचा मार्गही तितकाच उपयोगी ठरला. बीएएसएफ कंपनीने अॅल्युमिनियम सल्फेट आणि सोडियम फ्यूमरेट पाण्यात एकत्र करून अॅल्युमिनियम फ्यूमरेटची चौकट मोठ्या प्रमाणावर बनवली. सेंद्रिय विद्रावक त्यात लागत नाही. सोडियम सल्फेट हा क्षार तेवढा धुऊन काढावा लागतो आणि त्या धुण्याच्या पाण्याचा हिशोबही कृतीच्या खर्चात धरावा लागतो.