काडीमोड आणि कायदा

हिंदू धर्मशास्त्राने विवाह हा न तुटणारा संस्कार मानला असला, तरी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तो दंडक मुख्यतः ब्राह्मण व तत्सम जातींपुरताच कडक होता. इतर अनेक जातींत पंचांसमक्ष गवताची काडी मोडून किंवा फारकतीचा, म्हणजे सोडचिठ्ठीचा, कागद लिहून नवरा-बायको विभक्त होत. पुढे त्या स्त्रीला पाट लावण्याची, म्हणजे पूर्ण विवाहविधी न करता दुसरा संसार मांडण्याची मुभा असे. मात्र पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्या नवऱ्याने भरून द्यावा, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता. दख्खनमधील अशा जातिरूढींचे आर्थर स्टीलने केलेले संकलन 1827 मध्ये सरकारनेच छापले.

पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयाने या व्यवस्थेतील नेमका एक धागा तोडला. नवऱ्याच्या संमतीविना स्त्रीला दुसरे लग्न करू देणारी रूढी 1864 मध्ये अनैतिक ठरली, आणि 1876 च्या शंभू रघू खटल्यात लग्न रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालयाने नाकारला, इतकेच नव्हे तर जातीच्या परवानगीवर प्रामाणिकपणे विसंबणे हाही द्विविवाहाच्या गुन्ह्यात बचाव होऊ शकत नाही, असे ठरवले. नवऱ्याने स्वतः दिलेली सोडचिठ्ठी मात्र रूढी म्हणून मान्य होत राहिली. जातपंचायत न्यायी होती असे मुळीच नाही, पण नांदवतही नाही आणि सोडतही नाही अशा नवऱ्याच्या बायकोला दाद मागण्याची जी एक जागा होती, ती गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कित्येक दशके मिळाली नाही; ही त्या निकालांची खरी किंमत होय.

बडोदे संस्थानाने 1931 मध्ये, तर मुंबई प्रांताने 1947 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट देशभर आणला, शिवाय कलम 29 मध्ये रूढीने मिळणारी फारकतही राखून ठेवली.

पोटगीचा, म्हणजे निर्वाहखर्चाचा, प्रश्न याहून रेंगाळला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 488 नुसार दंडाधिकारी फार तर दरमहा 50 रुपये देववू शकत असे, आणि तेही केवळ पत्नीला व मुलांना; म्हणजे काडीमोड झाली की त्या कलमाखालचा स्त्रीचा स्वतःचा हक्क संपे. मुलांच्या ताब्याबाबत 1890 च्या पालकत्व कायद्याने अज्ञानाचे, म्हणजे अल्पवयीन मुलाचे, हित हा निकष सांगितला खरा, परंतु बापाचा अग्रहक्क बराच काळ टिकला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, हे हिंदूंच्या कायद्यात 1956 मध्ये आले. घटस्फोटित स्त्रीला, तिने पुन्हा लग्न केलेले नसल्यास, पोटगीसाठी ‘पत्नी’ मानणारे कलम 125 हे 1973 च्या संहितेतले, आणि त्यातील 500 रुपयांची कमाल मर्यादा 2001 मध्ये उठली.