संस्थापक गेल्यावर काय? डेक्कन एज्युकेशन सोसायटीची वीस वर्षांची बोली

थ्रेड लांब आहे. सवडीने वाचा.

17 मार्च 1882 रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. वय अवघे 31. पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. सरकारी नोकरी सोडून त्यांनी ही शाळा काढली होती आणि लोकांचा तिच्यावरचा विश्वास बराचसा त्यांच्या नावामुळे होता. मागे राहिलेले टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीचे. वामन शिवराम आपटे तर त्यांच्याहूनही लहान. त्याच वर्षीच्या जुलैत कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. म्हणजे सहा महिन्यांच्या आत संस्थेचा सर्वात नामांकित माणूस मृत आणि दोन प्रमुख शिक्षक कैदेत. शाळा मात्र बंद पडली नाही. आपटे, नामजोशी आणि इतर सहकाऱ्यांनी वर्ग चालू ठेवले.

हे का सांगतो आहे? मी मालेगावचा. (वाशिम जिल्ह्यातले मालेगाव. नाशिकचे वेगळे. हे दर थ्रेडला सांगावे लागते.) आमच्याकडे काय किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात काय, शिक्षणसंस्था, वाचनालये, वसतिगृहे, गोरक्षणे यांची वाण नाही. संस्थापक हयात असेपर्यंत बहुतेकांचे बरे चालते. ते गेले की महिनाभरात धर्मादाय कार्यालयात दोन गटांचे दोन ‘चेंज रिपोर्ट’ दाखल होतात. विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत कळवायचे, असे 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा सांगतो. पुढचा माणूस कसा निवडायचा याचे उत्तर मात्र संस्थेच्या घटनेत असावे लागते आणि ते बहुधा नसते. एकोणिसाव्या शतकातल्या पंचविशीच्या पोरांनी हे उत्तर लिहून ठेवले होते, म्हणून हा विषय.

आणि वऱ्हाडाचा धागाही आहेच. आगरकर मूळचे कराडजवळच्या टेंभूचे, पण मॅट्रिक झाले अकोल्यात, विष्णु मोरेश्वर महाजनी या शिक्षकांच्या आधाराने. फर्ग्युसनच्या इतिहासात अकोल्याचे नाव सहसा येत नाही, यायला हवे.

आता मुद्द्याकडे. 24 ऑक्टोबर 1884 रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. आपटे, आगरकर, टिळक, नामजोशी, केळकर, गोळे, धारप हे सात जण पहिले आजीव सदस्य. ‘आजीव’ हा शब्द फसवा आहे, कारण बोली जन्मभराची नव्हती, वीस वर्षांची होती. महिना 75 रुपये वेतन, सर्वांना सारखे. प्राचार्य असो वा कालचा आलेला शिक्षक, पगारात फरक नाही. सदस्याच्या आयुष्याचा विमा संस्थेने उतरवायचा, म्हणजे तो मध्येच गेला तर बायकामुले उघड्यावर पडू नयेत. शिकवण्याचे आणि कारभाराचे निर्णय सदस्यांनी मिळून बहुमताने घ्यायचे; वर बाहेरच्या प्रतिष्ठितांचे नियामक मंडळ.

विम्याची तरतूद मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वात शहाणपणाची वाटते. दोन वर्षांपूर्वी आपल्यातला मोठा माणूस पाहता पाहता गेला, हे या मंडळींच्या डोळ्यांसमोर होते. त्यागाच्या भाषणांनी त्या काळचे पुणे दुमदुमत होते, पण मृत्यूचा हिशेब मांडून ठेवणारी संस्था विरळा.

वीस वर्षांच्या मुदतीचा परिणाम सरळ होता. प्रत्येक माणूस कधी जाणार हे तो आला त्या दिवशीच ठाऊक असे. त्यामुळे त्याच्या जागी कोण, हा प्रश्न अपशकुनी राहत नसे. आमच्याकडे तो प्रश्न अध्यक्षांसमोर कुणी काढला तर तो माणूस पुढच्या बैठकीला बोलावला जात नाही.

पहिली खरी कसोटी मात्र मृत्यूची नव्हती, भांडणाची होती. 1890 च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. सामाजिक सुधारणांवरून आगरकरांशी बिनसलेच होते, पण संस्थेतला वाद वेगळा होता: आजीव सदस्याने बाहेरचे काम आणि बाहेरची मिळकत स्वीकारावी का? टिळकांचे म्हणणे होते, नाही. जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सारा वेळ संस्थेलाच द्यावा. गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस होणार, हे निमित्त झाले आणि मतभेद टोकाला गेला. टिळकांनी राजीनाम्यासोबत लांबलचक निवेदन लिहिले. शाळेतले टिळक आणि मंडालेचे टिळक यांच्यामधला दुवा ज्यांना शोधायचा असेल त्यांनी ते जरूर वाचावे.

माझे मत विचाराल तर तत्त्वाच्या अंगाने टिळकांची बाजू भक्कम होती. सर्वांना सारखे वेतन द्यायचे आणि मग एकाला बाहेर कमवू द्यायचे, याने करार आतून पोखरतो. पण बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले आणि ते बाहेर पडले. संस्था फुटली नाही. टिळकांनी समांतर कॉलेज काढले नाही की सोसायटीवर मालकी सांगितली नाही. ‘माझी संस्था’ असे म्हणता येईल अशी जागाच त्या करारात कुणाला नव्हती.

मग गणित कोण शिकवणार? टिळक गणिताचे नामांकित शिक्षक. गोखल्यांनी 1891 मध्ये मुंबईतून आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजातल्या जुन्या स्नेह्याला बोलावून घेतले. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे. महर्षी कर्वे पुण्यात आले ते टिळकांच्या रिकाम्या झालेल्या वर्गात, हे कितीजणांना ठाऊक असते? पुढे त्यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला, 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि हे सर्व फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना. सदस्याने बाहेरचे काम करू नये हा नियम टिळकांच्या कडव्या रूपात मंजूर झाला असता, तर हिंगण्याचा आश्रम उभा राहिला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही. कर्व्यांनी त्या कामातून पैसा मिळवला नाही, हे खरे. पण वेळ तर दिलाच.

कसोट्या संपल्या नव्हत्या. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे (होय, संस्कृत-इंग्रजी कोशाचे आपटे) 1892 मध्ये वारले. आगरकर प्राचार्य झाले आणि 17 जून 1895 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी, दम्याने जर्जर होऊन तेही गेले. तीन वर्षांत दोन प्राचार्य कामावर असताना गमावले. त्यानंतर महादेव शिवराम गोळे आले. ते मूळ सातांपैकीच, त्यामुळे दालनात नवखे नव्हते.

तोवर चौथ्या प्राचार्याची तयारी सुरू झाली होती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा कर्व्यांचा नातलग, फर्ग्युसनचाच विद्यार्थी. सरकारी शिष्यवृत्तीवर तो केंब्रिजला निघाला, तेव्हा परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवायचे हे वचन आधीच देऊन गेला. 1899 मध्ये तो गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला आला. सीनियर रँग्लर होणारा तो पहिला भारतीय. आता त्याला सरकारी खात्यात हवी ती जागा मिळाली असती. तो परत आला आणि 1902 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, प्राचार्य झाला. टिळकांचे गणित कर्व्यांकडे गेले होते, कर्व्यांच्या घरचा मुलगा आता कॉलेज चालवू लागला.

इथे एक खोट सांगायलाच हवी. ही सारी नावे पुन्हा वाचा. सर्व पुरुष, सर्व ब्राह्मण, बहुतेक एकमेकांचे सहाध्यायी, शिष्य किंवा नातेवाईक. करार खुला होता, पण वारस शोधण्याचे वर्तुळ फार लहान होते. व्यवस्थेने एका घराण्याची मक्तेदारी टाळली. एका जातीची टाळली नाही.

त्याच 1902 मध्ये गोखल्यांची वीस वर्षे, रजेचा काळ धरून, पुरी झाली आणि ते निवृत्त झाले. मुदत संपली म्हणून ते मोकळे झाले आणि केंद्रीय कायदेमंडळात गेले. बोलीचा सर्वात मोठा लाभ ज्यांना झाला, ते बहुधा हेच.

आणि म्हणूनच पुढचे कोडे मला उलगडत नाही. 12 जून 1905 रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सोसायटीचे बरेच काही उचलले: अल्प वेतन, खाजगी मिळकतीचा त्याग, पाच वर्षांची उमेदवारी. वीस वर्षांची मुदत मात्र टाकून दिली. इथे शपथ जन्मभराची. प्रमुखाला नाव ‘प्रथम सदस्य’, तेही तहहयात. आणि उमेदवारांवर त्यांचा पूर्ण ताबा. आपटे, आगरकर यांचे अकाली मृत्यू जवळून पाहिलेल्या माणसाने एवढे सारे एका माणसावर बेतावे?

19 फेब्रुवारी 1915 रोजी ते स्वतःच गेले, 48 व्या वर्षी. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतून सहा आठवडेही झाले नव्हते. गांधींनी समाजात यावे ही गोखल्यांची इच्छा होती. त्यांच्या मृत्यूनंतर गांधींनी प्रवेशासाठी अर्ज केला आणि सदस्यांत दोन तट पडले. एका गटाला त्यांचे विचार समाजाच्या मार्गाहून फार भिन्न वाटत होते. मतदान होऊन समाज दुभंगू नये म्हणून गांधींनी आपणच अर्ज मागे घेतला. आत्मकथेत त्यांनी हे सविस्तर लिहिले आहे. गोखले हयात असते तर त्यांच्या एका शब्दावर हे निभावले असते. तो शब्द नियमात उतरलेला नव्हता.

नेतृत्व श्रीनिवास शास्त्रींकडे आले. ते 1927 पर्यंत अध्यक्ष होते. मग दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे एजंट म्हणून गेले. त्यांच्यामागून स्थापनेपासूनचे सदस्य गोपाळ कृष्ण देवधर आले आणि 1935 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. 1936 मध्ये हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष झाले. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही अध्यक्ष तेच होते. 42 वर्षे: फर्ग्युसनच्या दोन पुऱ्या बोल्या आणि वर आणखी दोन वर्षे.