स्तनांचा कर्करोग : पेशीतील निरोप पोहोचवणारे विकर

मानवी शरीरातील पेशींना केव्हा वाढायचे, केव्हा विभाजित व्हायचे आणि केव्हा थांबायचे, याचे आदेश सतत मिळत असतात. यांपैकी अनेक आदेश पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिने स्वीकारतात आणि तेथून ते पेशीकेंद्रापर्यंत नेण्याचे काम विशिष्ट विकर (एन्झाइम) करतात. स्तनांच्या कर्करोगाच्या अनेक प्रकारांत बिघाड होतो तो या निरोपयंत्रणेत. त्यामुळे गाठ किती मोठी आहे, याबरोबरच तिच्यातील कोणता विकर बेबंद झाला आहे, हा प्रश्न आज उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

कायनेज म्हणजे काय?

निरोप पुढे नेणाऱ्या या विकरांना ‘कायनेज’ म्हणतात. मानवी शरीरात त्यांचे पाचशेहून अधिक प्रकार आहेत. एटीपी या ऊर्जावाहक रेणूतील फॉस्फेट काढून ते दुसऱ्या रेणूला जोडणे, एवढेच त्यांचे काम. फॉस्फेट जोडला गेला की ते प्रथिन बहुधा कार्यान्वित होते. ‘फॉस्फटेज’ जातीचे विकर तो काढून घेतात आणि काम थांबते. विजेचे बटण चालू-बंद करावे, तशी ही व्यवस्था आहे. तिचा उलगडा करणारे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगात हे बटण ‘चालू’ स्थितीतच अडकून बसते.

हर-टूची कथा

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘हर-टू’. हे ग्राही प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसलेले असते. त्याचा आतील भाग टायरोसिन कायनेज, म्हणजे स्वतःच एक विकर असतो. दोन ग्राही प्रथिने जोडीने एकत्र आली की हा भाग जागा होतो. हर-टूचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. निरोगी पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात. काही गाठींमध्ये मात्र त्या अनेक पटींनी वाढतात. साहजिकच आवरणावर हर-टूची गर्दी होते, जोड्या आपोआप जमतात आणि बाहेरून कोणताही आदेश नसताना पेशी विभाजित होत राहते.

डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ गाठींची तपासणी करून, ज्यांच्यात हे जनुक वाढलेले असते त्या रुग्णांत आजार लवकर उलटतो, असे दाखवून दिले. आज स्तनांच्या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हा प्रकार आढळतो.

मात्र जो विकर आजाराला उग्र बनवत होता, तोच उपचाराचे लक्ष्यही ठरला. हर-टूच्या बाहेरील भागाला चिकटणाऱ्या ‘ट्रास्टुझुमॅब’ या प्रतिपिंडाला अमेरिकेत सप्टेंबर १९९८ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीने ते दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसून आले. आतील कायनेजलाच रोखणाऱ्या ‘लॅपॅटिनिब’ या गोळीला २००७ मध्ये मान्यता मिळाली.

पुढची साखळी

हर-टूचा निरोप पुढे ‘पीआय-थ्री-कायनेज’ आणि ‘एकेटी’ या विकरांकडे जातो. त्यांना आवर घालणारा ‘पीटेन’ हा फॉस्फटेज विकर नाहीसा झाला किंवा पीआय-थ्री-कायनेजच्या जनुकात उत्परिवर्तन झाले, तर हर-टू सामान्य असूनही वाढ थांबत नाही. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या, पण हर-टू वाढलेले नसलेल्या गाठींपैकी सुमारे ४० टक्के गाठींत असे उत्परिवर्तन आढळते. त्यांच्यासाठी ‘अल्पेलिसिब’ हे औषध २०१९ मध्ये आले.

निरोपाच्या अखेरच्या टप्प्यावर ‘सीडीके-४’ आणि ‘सीडीके-६’ हे विकर पेशीविभाजनाचे दार उघडतात. इस्ट्रोजेनचा आदेशही याच दारापाशी येतो. त्यांना अटकाव करणाऱ्या ‘पॅल्बोसिक्लिब’ला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे विकर शरीराचे शत्रू नव्हेत. हृदयाच्या स्नायूंना हर-टूची गरज असते, म्हणून ट्रास्टुझुमॅब सुरू करण्यापूर्वी आणि उपचार चालू असताना ठरावीक काळाने इकोकार्डिओग्राफी करावी लागते. इन्सुलिनचा निरोपही पीआय-थ्री-कायनेजमार्फतच जातो. त्यामुळे अल्पेलिसिब घेणाऱ्यांची रक्तशर्करा वाढू शकते; मधुमेही रुग्णांच्या बाबतीत याची विशेष दक्षता घ्यावी लागते.

चाचणीचे महत्त्व

ही औषधे सरसकट उपयोगी पडत नाहीत. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांची ग्राही प्रथिने आणि हर-टू यांपैकी काहीच न आढळणाऱ्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात हर-टूविरोधी औषध देऊन लाभ होत नाही. म्हणूनच बायोप्सीच्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही चाचणी केली जाते. तिचा निष्कर्ष ० ते ३+ असा दिला जातो. ३+ म्हणजे हर-टू निश्चितपणे वाढलेले. २+ असल्यास जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ चाचणी आवश्यक असते. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये ठेवला गेला नाही, तर निष्कर्ष चुकण्याचा धोका असतो. चुकीच्या अहवालामुळे एखादी रुग्ण जीवनदायी औषधाला मुकते, तर दुसरीला निष्कारण खर्च आणि हृदयाची जोखीम सोसावी लागते.

२०२२ पासून या अहवालातील मधल्या श्रेणींनाही महत्त्व आले. हर-टूचा केवळ पत्ता म्हणून उपयोग करून पेशीत केमोथेरपीचे औषध पोहोचवणाऱ्या ‘ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन’चा लाभ, आजार अन्यत्र पसरलेल्या आणि हर-टूचे प्रमाण कमी असलेल्या रुग्णांनाही होतो, असे त्या वर्षी सिद्ध झाले.

औषधाची किंमत हा भारतातील रुग्णांपुढचा मोठा अडसर राहिला आहे. २०१४ मध्ये ट्रास्टुझुमॅबची देशी बनावटीची जैवसदृश आवृत्ती बाजारात आली, तर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. पॅल्बोसिक्लिबच्या पेटंटची भारतातील मुदत २०२३ मध्ये संपल्यावर त्याच्याही स्वस्त आवृत्त्या आल्या. तथापि, औषध स्वस्त झाले तरी ते कोणाला द्यायचे, हे चाचणीच ठरवते. त्यामुळे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्हींचे अहवाल हाती आल्यावरच उपचारांची आखणी होणे इष्ट असते. बायोप्सीचा मेणातील ठोकळा आणि काचपट्ट्या रुग्णाने जपून ठेवल्यास पुढे फेरतपासणीची वेळ आली, तरी त्या उपयोगी पडतात.