नमुना, भट्टी आणि नाकारलेला माल

परदेशांतील कारखान्यांकडून आपल्या पसंतीचा माल घडवून आणावयाचा व तो स्वदेशी विकावयाचा, या व्यवसायाकडे आपल्या समाजातील तरुणांचे लक्ष वळत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र या व्यवसायातील अडचणी आजच्या नव्हेत. चिनी मातीच्या भांड्यांच्या व्यापारात युरोपीय व्यापाऱ्यांनी त्या तीन-चार शतकांपूर्वीच अनुभवल्या होत्या. तो इतिहास आयातदारास आजही मार्गदर्शक ठरावा असा आहे.

आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटले आहे, त्या डचांची ईस्ट इंडिया कंपनी 1602 साली स्थापन झाली. चिनी भांड्यांना हॉलंडात मोठी मागणी होती. परंतु तेथील मेजावर लागणारी रुंद काठांची ताटे, मोहरीच्या चटणीची पात्रे इत्यादी वस्तू चिनी कुंभाराच्या नित्य परिचयाच्या नव्हत्या. न पाहिलेल्या वस्तूचे वर्णन पत्रातून कितीसे कळणार? म्हणून 1635 साली तैवान बेटावरील डच गव्हर्नर हान्स पुटमान्स याने लाकडाचे कातीव नमुने रंगवून घेऊन चिनी व्यापाऱ्यांच्या हाती दिले. शंभर शब्दांपेक्षा एक नमुना अधिक बोलका असतो, हे त्याने ओळखले होते.

परंतु केवळ नमुना उत्तम असून भागत नाही. 1734 साली कंपनीने कॉर्नेलिस प्रोंक या चित्रकारास भांड्यांवरील नक्षी तयार करण्यासाठी नेमले. छत्रीखाली उभ्या असलेल्या स्त्रीचे त्याचे चित्र आजही प्रसिद्ध आहे. ते चीन व जपान या दोन्ही देशांत पाठवून भाव विचारण्यात आले. जपानचा भाव फारच चढा निघाला. चीनमध्ये भांडी तयार झाली. पण तीही इतकी महाग पडली की, 1740 च्या सुमारास कंपनीस हा उपक्रम सोडून द्यावा लागला. हॉलंडात बसून काढलेली नाजूक, बहुरंगी नक्षी भट्टीपाशी किती श्रम व किती पैसा मागेल, याचा हिशेब आधी झालेला नव्हता.

याहून महत्त्वाची गोष्ट फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल याने लिहून ठेविली आहे. जिंगदेझेन हे चीनमधील या धंद्याचे प्रमुख केंद्र. तेथील धंद्याविषयी 1712 साली लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, युरोपीयांसाठी माल घेणारे व्यापारी किंचित दोष असलेले भांडेही नाकारीत. असे भांडे कुंभाराच्याच गळ्यात पडे. कारण परक्या घाटाची ती वस्तू चिनी गिऱ्हाईक घेत नसे. मग नाकारलेल्या मालाचा तोटा स्वीकारलेल्या मालाच्या किमतीतूनच भरून काढावा लागे. भट्टीत मोडलेले व वाकलेले भांडे ग्राहकाच्या दृष्टीस पडत नव्हते, तरी त्याची किंमत अखेर ग्राहकच देत होता.

पुढे अठराव्या शतकात या अडचणीवर अंशतः उपाय सापडला. जिंगदेझेनची कोरी पांढरी भांडी कॅन्टन बंदरात आणून तेथेच त्यांवर रंगकाम होऊ लागले. 1769 साली विल्यम हिकी या इंग्रज प्रवाशाने तेथील एका लांबलचक दालनात शंभराहून अधिक माणसे हे काम करताना पाहिली. त्यांत वृद्ध होते, तशीच सहा-सात वर्षांची मुलेही होती. परदेशी व्यापारी कॅन्टनमध्येच उतरत असल्यामुळे शेवटचा हात फिरण्यापूर्वी माल पाहणे त्यांस सुलभ झाले. स्वस्त मालामागे कोणाचे हात राबतात, हा प्रश्नही तेव्हापासूनचाच आहे.

सारांश, दूरच्या कारखान्यास मागणी देण्यापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात. नमुना कारागिराच्या प्रत्यक्ष हाती द्यावा. त्याची घडणावळ त्यालाच आधी विचारावी. आणि सदोष माल कोणता व त्याचा भार कोणी सोसावयाचा, हे भट्टी पेटण्यापूर्वी लेखी ठरवावे. सर्व तोटा दुबळ्या कारागिरावर लोटणारा व्यापारी क्षणभर चतुर वाटतो खरा, पण तो तोटा पुढील खेपेच्या भावात लपून त्याच्याच दारी परत येतो. न्यायाने ठरविलेला करार हाच अखेरीस किफायतीचा करार होय.