पासोडी आणि चुंबकी पट्टी

अंबाजोगाईचे नाव निघाले की मराठीच्या अभ्यासकाला आधी मुकुंदराज आठवतात, मग दासोपंत (१५५१–१६१५). सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा त्यांचा 'गीतार्णव' बाजूला ठेवून आम्ही येथे त्यांच्या पासोडीकडे वळतो. अंगावर पांघरायच्या जाड कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढले. विषय वेदान्ताचा खरा, पण त्याच्या पोटात चोख हिशेब आहे: प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. अशी मांडणी पानापानांत तुटू न देता एका नजरेखाली ठेवायची, तर कापडच सोयीचे. निदान आम्हांला तरी ही निवड केवळ लहरीची वाटत नाही.

हिशेबाची रीत हाताशी साठवून ठेवण्याची गरज साडेतीन शतकांनी इटलीतील इव्रेआ गावी पुन्हा उभी राहिली. पिएर जॉर्जो पेरोत्तो यांच्या चमूने घडवलेले ऑलिव्हेत्ती कंपनीचे 'प्रोग्रामा १०१' हे टेबलावर मावणारे गणनयंत्र १९६५ साली बाजारात आले. यंत्र बंद केले की त्याची स्मृती पुसली जाई. म्हणून १२० आज्ञांचा क्रम प्लॅस्टिकच्या चुंबकी पट्टीवर उतरवून घेण्याची सोय होती. पट्टी आत सरकवली की ती कळांपाशीच थांबे, आणि कोणती कळ काय करील हे वापरणारा त्या पट्टीवर हाताने लिहून ठेवी. एकाच पट्टीवर दोन लेखने: एक यंत्रासाठी, एक डोळ्यांसाठी. १९७४ च्या 'एचपी-६५' या तळहातावरच्या यंत्रानेही हीच युक्ती ठेवली. आज त्यांतील पुष्कळ यंत्रांत पट्टी ओढणारे रबरी चाक विरघळून चिकट झालेले आढळते. चाक बदलेपर्यंत पट्टीवरचे वाचता येते ते फक्त शाईचे अक्षर.

ही गोष्ट परदेशातल्या जुन्या यंत्रांपुरती असती तर आम्ही ती येथे मांडली नसती. १९९० च्या दशकात मराठी लेखन युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित होऊन फ्लॉपीवर गेले. तो फाँट संगणकावर नसेल, तर ओवीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. फ्लॉपीच्या लेबलावर पेनाने लिहिलेले पुस्तकाचे नाव मात्र स्वच्छ वाचता येते.

हस्तलिखितांच्या सूचीत लेखनद्रव्य, लिपी, आकार नोंदवण्याची आपली जुनी शिस्त आहे. लेखकाच्या घरून ग्रंथालयात येणाऱ्या फ्लॉपीसाठी त्याच नोंदीत फाँटचे आणि टंकनप्रणालीचे नाव घालावे लागेल, आणि तेही ज्याने टंकन केले तो सांगायला आहे तोवर.