छोटी लाईन

इंग्रजांच्या काळात बंगाल नागपूर रेल्वेनं आमच्या झाडीपट्टीत लाईन टाकली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणून नाव छोटी लाईन. गोंदियाहून वडसा, नागभीड, मूल करत गाडी चांद्याला जाई. जंगलाचं लाकूड, धान बाहेर गेलं. पण माणसांनीही गाडी आपली करून टाकली. वडसा तर नाटकमंडळ्यांचं गाव झालं. मंडईसाठी नाटक ठरवायचं तर आजही वडसाच गाठावं लागते.

1999 पर्यंत ही लाईन मोठी झाली. नागपूर-नागभीडची छोटी गाडी 2019 च्या नोव्हेंबरात थांबली. गडचिरोली जिल्ह्याला मात्र इतकी वर्षं स्टेशन एकच, वडसा. आता तिथून गडचिरोलीची लाईन होऊन राहिली आहे. होऊ द्या. पण सुरजागडचं लोखंड निघाल्यापासून मनात येते, ही गाडी मालासाठीच धावेल, की दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यासाठी, कॉलेजच्या पोरीसाठी थांबेलही?